जित्ती मच्छी आणून आपल्या बोडीत, शेततळ्यात सोडायची असेल तर

मार्च उलटला की भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडचे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, उतरायला लागतात, बोड्या, म्हणजे वावरातली छोटी तळी, आटतात, मच्छीमार संस्थेवाले शेवटची मच्छी ओढून राहिले असतात, आणि मग वावरात शेततळं असलेल्या माणसाच्या डोक्यात येतंच की यातल्या दहा-पंधरा किलो जित्त्या नेऊन आपल्या पाण्यात सोडल्या तर? सोडता येतात, माणसं सोडतातही, पण त्यातल्या बऱ्याच तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढऱ्या होऊन तरंगतात आणि मग दोष जातो शेततळ्याच्या पाण्याला, प्लास्टिकला, नाहीतर शेजाऱ्याच्या नजरेला. अशी मासोळी बहुतेक वेळा रस्त्यात मरत नाही आणि तुमच्या तळ्यामुळंही मरत नाही. तिचं काम जाळ्यातून ओढून काढतानाच झालेलं असते, जीव फक्त नंतर जातो. म्हणून गाडी अन् ड्रमच्या आधी पकडण्याबद्दल आणि पकडल्यानंतरच्या एका रात्रीबद्दल नीट वाचा.

त्याच्याही आधी गरज आहे का ते पाहा. रोहू, कतला, मृगल साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं नवं पाणी लागतं, बीज केंद्रावर तर इंजेक्शन देऊन अंडी घ्यावी लागतात, तेव्हा "दहा जोड्या सोडू, पुढच्या वर्षी हजार होतील" हा हिशोब कागदावरच राहते. नुसतं तळं भरायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेलं मत्स्यबीज, आणा, स्वस्त पडते, आणायला सोपी, रोगराई कमी. मोठी पकडलेली मच्छी आणण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा जवळचा तलाव आटूनच राहिला आहे आणि ती मच्छी तशीही मरणार आहे, किंवा याच वर्षी घरच्यासाठी खायची मच्छी हवी आहे, किंवा मरळ-शिंगीसारख्या गावरान जाती आपल्या बोडीत पुन्हा आणायच्या आहेत. बाकी वेळी हौस म्हणून करायचं असेल तर करा, पण हौस आहे हे मान्य करून करा.

दुसरी गोष्ट परवानगीची. गावातला तलाव सगळ्यांचा वाटत असला तरी मच्छीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडं असते, त्यांना विचारून, पैसे देऊन, पावती घेऊन मच्छी घ्या. पावतीचा दुसरा फायदा म्हणजे पहाटे पाच वाजता ड्रम भरलेली गाडी कोणी थांबवली तर दाखवायला कागद राहते. पेंच, नवेगाव-नागझिऱ्यासारख्या राखीव जंगलातल्या पाण्यात तर हात घालायचाच नाही, पेंचमधल्या तोतलाडोहची मच्छी स्वस्तात देतो म्हणणारा भेटला तरी. आणि थायी मांगूर कोणी गावरान मागूर म्हणून गळ्यात मारून राहिला असेल तर घेऊ नका, २००० सालापासून त्याच्यावर देशात बंदी आहे, तो निसटून नाल्यात गेला की बाकी काही शिल्लक ठेवत नाही. चिलापीचंही (तिलापिया) तसंच, बंदी वगैरे वेगळं, पण एकदा तळ्यात घुसली की इतकी पिल्लं होतात की सगळ्याच बोटभर राहतात, वाढत काही नाहीत. जाळ्यातल्या मच्छीत दोन-चार चिलाप्या मिसळून येतातच, त्या तिथंच वेगळ्या काढा.

कोणती मच्छी किती सोसते

कतला सगळ्यात नाजूक, घाबरते, उड्या मारते, ड्रमच्या भिंतीवर तोंड आपटते, पाणी जरा खराब झालं की पहिली तीच वर येते. रोहू मधली. सायप्रिनस म्हणजे आपला कॉमन कार्प, तो बराच दणकट, पहिल्यांदा करून राहिले असाल तर यानंच सुरुवात करा. एक किलोच्या वरची मासोळी आणायच्या भानगडीत पडू नका, पाव किलो ते अर्धा किलोची सोसते चांगली, मोठीला जागा जास्त लागते आणि जाळ्यात ती जास्त झटापट करते.

मरळ, मागूर, शिंगी यांचा कायदा वेगळा आहे. या मासोळ्या पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतात, म्हणून त्यांना पाणी थोडं असलं तरी चालते, अंग बुडेल इतकं पाणी आणि वर मोकळी हवा, बस. उलट ड्रम काठोकाठ भरून वरून झाकण घट्ट लावलं तर हवा घ्यायला जागा न राहून मरळ पाण्यातच गुदमरून मरते, हे ऐकायला उलटं वाटते पण खरं आहे. ओलं चुंगडं (पोतं) वर टाका, अंधार करा, हवेला जागा ठेवून झाकण दोरीनं बांधा कारण मरळ ड्रममधून उडी मारून गाडीच्या बाहेर जाते. शिंगीला हात लावताना सांभाळून, तिच्या छातीजवळच्या काट्यात विष असते, लागला तर हात ठणकते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका कमी होते, सूज वर चढायला लागली तर दवाखाना गाठा. आणि मरळ ज्या तळ्यात सोडाल तिथं त्या वर्षी बोटुकली टाकू नका, ती तिचा नाश्ता आहे.

पकडणं

आमच्याकडचे एक ढिवर काका जाळं टाकायच्या आधी विचारतात, "भाऊ, खायची का जगवायची, ते आधी सांग." कारण दोन्हीचं जाळं वेगळं. फासाचं जाळं, ज्यात मासोळी कल्ल्याला अडकते, ते जगवायच्या मच्छीसाठी बाद. कल्ले फाटतात, खवले जातात, आणि रात्रभर लावून ठेवलेल्या जाळ्यातली मच्छी सकाळी जित्ती दिसली तरी ती अर्धी गेलेली असते. फेकजाळं चालते, पण एका फेकीत जास्त आली तर ओढताना खालच्या दबतात. सगळ्यात चांगलं बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, ओढजाळं, तेही पूर्ण काठावर ओढून मच्छी चिखलात लोळवायची नाही, गुडघाभर पाण्यातच जाळं गोळा करून धरायचं आणि टोपलीनं किंवा मऊ कापडी झोळीनं पाण्यासकट उचलायचं. गरीनं पकडत असाल तर फक्त ओठाला लागलेली ठेवा, गरी गिळलेली मासोळी जगत नाही, ती संध्याकाळी रश्शात घाला.

हात ओले करूनच धरायची. मासोळीच्या अंगावर जो बुळबुळीत थर असते तो तिचा पहारेकरी आहे, कोरड्या हातानं, कोरड्या चुंगड्यावर, नाहीतर तापलेल्या पाटीत ठेवली की तो निघून जाते आणि तिथंच दोन दिवसांनी कापसासारखी पांढरी बुरशी चढते. शेपटीला धरून उचलणं, कल्ल्यात बोट घालणं, बादलीत वरून फेकणं, हे सगळं बाजारात चालते. जगवायच्या मच्छीला नाही.

आता महत्त्वाचं. पकडली की लगेच गाडीत भरायची नाही. त्याच तलावात हापा लावा, म्हणजे मच्छरदाणीच्या कापडाची चारी बाजूंनी शिवलेली पेटी, चार बांबूंना बांधलेली, वरून जाळी, कंबरभर पाण्यात आणि शक्यतो वारा लागतो त्या बाजूला. कापडाचे भोक फार बारीक असतील तर शेवाळ बसून पाणी फिरत नाही, जरा मोठ्या आसाचं कापड चालते. यात मच्छी एक रात्र, जमलं तर पूर्ण चोवीस तास ठेवायची, खायला काही द्यायचं नाही. थंडीचे दिवस असतील तर दोन दिवस, कारण थंड पाण्यात पोट रिकामं व्हायला वेळ लागते. यानं दोन कामं होतात. एक म्हणजे पोट रिकामं होते, नाहीतर ती ड्रममध्ये हगते, त्यातून आणि तिच्या कल्ल्यातून अमोनिया सुटते आणि तोच तिला मारते, वरून पचवायला ऑक्सिजनही जास्त लागते. दुसरं म्हणजे ज्यांना जाळ्यात मार लागला आहे त्या सकाळपर्यंत आपोआप कळतात, कोपऱ्यात तिरप्या, रंग उडालेल्या, लाल चट्टे पडलेल्या. त्या घेऊ नका. संस्थेवाल्याला सांगायचं की त्या तुमच्या, मला या धडधाकट द्या, थोडे पैसे वर गेले तरी चालतील.

हापा नसेल आणि मच्छी घरीच एखाद्या टाक्यात ठेवणार असाल तर टाक्यात कूलरचा पंप टाकून पाणी वरून पडत ठेवा, विदर्भात तो घरोघरी आहेच. पण हात घालायच्या आधी प्लग काढा, कूलरचा करंट काय असते हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

ड्रम, पाणी, मीठ, हवा

निळा २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम सगळ्यात सोयीचा, गोल असते म्हणून मच्छी कोपऱ्यात दाटत नाही. पण तो आधी कशाचा होता ते विचारून घ्या. फवारणीच्या औषधाचा, ॲसिडचा ड्रम कितीही धुतला तरी नको, खाण्याच्या तेलाचा, लोणच्याचा असेल तर सोडा अन् गरम पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवून चालते. साबण मात्र लावू नका.

पाणी ज्या तलावातली मच्छी त्याच तलावाचं, काठावरचं गढूळ नाही, जरा आत जाऊन स्वच्छ भरलेलं. नळयोजनेच्या पाण्यात क्लोरीन असते, ते कल्ले जाळते, तेच वापरायची वेळ आली तर उघड्या टाक्यात दिवसभर उन्हात ठेवून मग. धानाच्या बांधीतलं पाणी घेऊ नका, कधी काय फवारलं असेल सांगता येत नाही. दोन-तीन जास्तीच्या कॅन त्याच तलावाच्या पाण्यानं भरून सोबत ठेवा, रस्त्यात लागतात.

१५० लिटर पाण्याला अर्धा किलो खडा मीठ टाका, म्हणजे लिटरला साधारण ३ ग्रॅम. हे अंधश्रद्धेचं मीठ नाही बरं का, गोड्या पाण्यातल्या मासोळीच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, ती घाबरली, खवले निघाले की ते क्षार भराभरा बाहेर जातात आणि पाणी आत शिरते, मग तिची सगळी ताकद तेच थांबवण्यात जाते. पाण्यातच थोडं मीठ असलं की तिचा भार कमी होते. बुरशीलाही ते आवडत नाही. मीठ आधी वेगळ्या बादलीत विरघळवून टाका, खडे तसेच टाकले तर तळाला बसतात.

आता ड्रमात किती भरायची. इथं सगळ्यांचा हात सैल सुटते. हवेचा पंप चालू असेल आणि रस्ता दोन तासांच्या आतला असेल तर १५० लिटर पाण्यात ८ ते १० किलो, त्याच्या वर नाही. पंप नसेल तर ३-४ किलो आणि अर्ध्या-पाऊण तासाचाच रस्ता. ड्रमची काळीपिवळी करू नका, की अजून दोन बसतात, सरका जरा. दोन ड्रम लागत असतील तर दोन घ्या. २०० लिटरचा भरलेला ड्रम दोन क्विंटलच्या वर जाते, छोटा हत्तीत तीन ड्रम, सोबतची माणसं आणि कॅन एवढं बास, चौथा चढवू नका. तीन ड्रम म्हणजे २५-३० किलो मच्छी झाली, ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याला खाद्य न घालता सुरुवातीला तेवढी भरपूर आहे.

हवेसाठी १२ व्होल्टचा एअर पंप घ्या जो बॅटरीवर चालते, त्याला नळी आणि नळीच्या टोकाला दगड, म्हणजे ॲक्वेरियमवाल्याकडं मिळते तो सच्छिद्र दगड. बुडबुडे जितके बारीक तितकी हवा पाण्यात जास्त मुरते, मोठे मोठे बुडबुडे नुसते वर येऊन फुटतात, दिसायला छान. स्प्रेपंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर काम भागते, आदल्या रात्री चार्ज केली का ते पाहून घ्या. ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर भाड्यानं मिळत असेल तर उत्तमच, लांबच्या रस्त्याला तेच लागते, फक्त गाडीत सिलिंडरजवळ बिडी पेटवू देऊ नका कोणाला.

थंडावा फार महत्त्वाचा. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावते, ३० डिग्रीला साडेसातच, आणि तिकडं मासोळीची ऑक्सिजनची भूक १० डिग्री वाढली की जवळपास दुप्पट होते. म्हणजे उन्हात दोन्हीकडून मार. म्हणून बर्फ, पण सुटा बर्फ नाही, प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून बुच बंद ठेवून सोडायच्या. एक लिटरच्या दोन बाटल्या १५० लिटर पाण्याला फार तर दीड डिग्री उतरवतात, म्हणजे घाबरायचं काम नाही, आणि एकदम थंड करायचंही नाही. ड्रमला बाहेरून ओलं चुंगडं गुंडाळलं तर चालत्या गाडीच्या वाऱ्यानं तेही थंड ठेवते.

लहान बोटुकली असेल तर ड्रमऐवजी पिशवी. दुहेरी पॉलिथिन, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, रबरानं घट्ट बांधून पुठ्ठ्याच्या खोक्यात. बीज केंद्रवाले भरून देतातच. मोठ्या मच्छीला ही पिशवी नको, काट्यानं फाटते.

रस्ता

पहाटे. मे महिन्यात आपल्याकडं सकाळी नऊला डांबर चटके देते, म्हणून साडेचार-पाचला भरायचं आणि साडेसातच्या आत पोचायचं असा हिशोब ठेवा. ड्रम हवा घेणाऱ्या जाती सोडून बाकीच्यांसाठी जवळपास भरलेला ठेवा, अर्धा ड्रम असला की पाणी डुचमळते आणि मच्छी भिंतीवर आपटत राहते. तोंडावर जाळी, वरून ओलं कापड. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्री टाकून नेणारे पाहिले आहेत, पांदण रस्त्यानं एखादा किलोमीटर असेल तर ठीक, पण ट्रॉलीला स्प्रिंग नसते, हादरे सगळे मच्छीला.

एक माणूस मागं बसवा, मोबाईल पाहत नाही असा. त्यानं पाहायचं की मच्छी खाली आहे का वर येऊन तोंड मारून राहिली. वर आली म्हणजे हवा कमी, पंपाची नळी निघाली का पाहा. पाण्यावर पांढरा फेस जमून जात नसेल तर पाणी खराब झालं, गाडी सावलीत उभी करून तिसरा हिस्सा पाणी काढून सोबतच्या कॅनमधलं टाका. एखादी आडवी झाली तर लगेच बाहेर काढा, मेलेली मच्छी ड्रमात ठेवली की ती बाकीच्यांचं पाणी नासवते. चहाला थांबायचं तर थांबा, पण पंप बंद करू नका, ड्रायव्हरला बॅटरी वाचवायची फार हौस असते.

सोडणं

काठावर पोचून ड्रम उलटा केला आणि फोटो काढला की झालं, असं नाही. तुमच्या तळ्याचं पाणी अन् ड्रमचं पाणी दोन्हीत हात घाला, किंवा साधा थर्मामीटर असेल तर तो. दोन-तीन डिग्रीच्या वर फरक असेल तर मगानं मगानं तळ्याचं पाणी ड्रमात टाकत जा, दर पाच मिनिटांनी, अर्धा तास तरी, पंप चालू ठेवून. तळ्याचं पाणी गर्द हिरवं असेल तर उजाडायच्या आत सोडू नका, रात्रभर शेवाळ ऑक्सिजन पिऊन टाकते आणि पहाटे तळ्यात तो सगळ्यात कमी असते, ऊन थोडं वर येऊ द्या.

बंद पिशवीतून आणलेल्या बोटुकलीचा मात्र हिशोब वेगळा. पिशवी न उघडता वीस मिनिटं तळ्यावर तरंगवा, आणि एकदा उघडली की दहा-पंधरा मिनिटांत काम उरका, तासभर खेळत बसू नका. बंद पिशवीत मासोळीच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आंबट होते आणि त्यात अमोनियाचं विष दबलेलं असते, पिशवी उघडली, तो वायू उडाला, ताजं पाणी मिसळलं की तेच विष एकदम जागं होते.

ड्रमचं पाणी शक्यतो तळ्यात ओतू नका, त्यात दुसऱ्या तलावाच्या उवा, किडे, चिलापीची पिल्लं काहीही असू शकते. ओल्या कापडी झोळीनं मच्छी काढा, बादलीत २ टक्के मिठाचं पाणी, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, त्यात एक-दोन मिनिटं धरा, तडफडली तर आधीच काढा, आणि मग झोळी तळ्याच्या पाण्यात बुडवून तोंड उघडं करा. ती स्वतः बाहेर जाईल. वरून फेकू नका. प्लास्टिकचं शेततळं असेल तर उतारावर पाय घसरते आणि वर यायला काहीच धरायला मिळत नाही, म्हणून दोर बांधून ठेवा आणि एकट्यानं हे काम करू नका, दरवर्षी पेपरात वाचतोच आपण.

पहिले दोन दिवस खायला टाकू नका, ती खाणार नाही आणि ढेप-कोंडा सडून पाणी बिघडेल. रोज सकाळी तळ्याच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, एक चक्कर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला जिथं कचरा जमते तिथंच मेलेली सापडेल, ती काढून दूर पुरा, नाहीतर कुत्रे ओढून आणतात. आठवड्यात शंभरातल्या पाच-सात गेल्या तर मी वाईट म्हणणार नाही. अंगावर लाल फोड दिसले, मच्छी तळाच्या दगडाला अंग घासून राहिली, असं काही दिसलं तर नवीन मच्छी आणणं थांबवा आणि जिल्ह्याच्या मत्स्य विभागात एक नमुना घेऊन जा, दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध ओतू नका.

पाणकावळ्यांसाठी तळ्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणल्या तर बराच फरक पडते, नवी मच्छी पहिले काही दिवस वरच फिरते आणि तीच त्यांना सापडते. आणि बोडी असेल तर पावसाळ्याच्या आधी सलंगावर, म्हणजे पाणी सांडते त्या जागेवर, जाळी लावा, पहिल्या मोठ्या पुरात पाणी सांडायला लागलं की मच्छी त्या धारेकडंच धावते आणि शेजारच्या बांधीत पोचते, मग ती शेजाऱ्याची. जाळीत पालापाचोळा अडकते तो पावसात जाऊन काढत राहावा लागते, नाहीतर पाणी तुंबून बोडीची पार फुटते.